चांदणीचे सहा तुकडे

एका मार्गशीर्षात मी महालक्ष्मीचे गुरुवार धरले होते. पहिल्याच गुरुवारी घटापुढे हात जोडले आणि उत्साहाच्या भरात एक नवस बोलून बसले. नवस असा, की या महिन्यात घरात जे काही अडेल ते मी एकटीनं निभावीन. कुणाला हाक मारणार नाही, कुणाला कामाला लावणार नाही. मला वाटलं, देवी म्हणेल, बाई किती गुणाची! दुसऱ्या गुरुवारी देवघराचं शिसवी कपाट एकटीनं सरकवायला गेले आणि कमरेत अशी उसण भरली, की उद्यापनाच्या दिवशी सवाष्णींना हळदकुंकू नणंदेनं लावलं आणि मी खाटेवरून नुसती 'या, बसा' म्हणत राहिले. देवीनं माझा नवस मोडला असं मी म्हणत नाही. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी, तसा तिनं तो अलगद काढून घेतला. त्या पडून काढलेल्या दिवसांत एक कथा माझ्या मनात जुळत गेली. ती आज सांगते. शांतपणे सांगायचं ठरवलं आहे, पण मधे आवाज चढला तर सांभाळून घ्या. चांदणीचा प्रसंग आला की मला धीर धरवत नाही.

एकदा एक वृद्ध सुतार होता. नदीकाठच्या त्याच्या गावी भगवतीचं देऊळ होतं, देवळापुढे लाकडी रथ होता, आणि रथाच्या शिखरावर होती चांदणी. ही चांदणी म्हणजे नारळाहून थोडी मोठी, शिसवी लाकडाची, चहूकडे टोकं फुटलेली एक वस्तू. कुठूनही पाहा, सारखीच दिसायची. एकसारख्या सहा तुकड्यांची ती बनली होती. पण त्यांना ना खिळा होता ना सरस. सहाही जण एकमेकांना धरून बसलेले, आणि सांधे असे की त्यातून केस जायचा नाही. दर बारा वर्षांनी पाडव्याला चांदणी खाली उतरवायची, तिचे तुकडे सुटे करायचे, त्यांना जवसाचं तेल पाजायचं आणि चैत्री पौर्णिमेच्या सूर्योदयाला ती पुन्हा जोडून रथावर चढवायची, अशी रीत होती. एकच दंडक होता: चांदणीला लोखंड लावायचं नाही. चांदणी चढल्याशिवाय रथ हलत नसे.

या वृद्धाचा एक शिष्य होता, भिवाजी. वय तिशीच्या आतबाहेर, हात अतिशय सफाईचा. त्यानं बसवलेलं दार भर पावसाळ्यातही चौकटीला अडत नसे. गावात सगळे म्हणत, म्हाताऱ्यामागं रथ सांभाळणार तो भिवाजीच. भिवाजीलाही तसंच वाटे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बारा वर्षं भरली. पाडव्याच्या सकाळी चांदणी खाली आली. वृद्धानं तिला नमस्कार केला आणि भिवाजीला म्हणाला, "नीट बघ हं. एकदाच दाखवीन."

ओट्यावरच्या गुळगुळीत फरशीवर त्यानं चांदणी टेकवली आणि दोन्ही तळव्यांत धरून भोवऱ्यासारखी गरकन फिरवली. चांदणी फिरली, फिरली, आणि बघता बघता कमळ उमलावं तशी सगळीकडून एकदम उमलली! सहाही तुकडे बाहेर सरकले आणि फरशीवर वर्तुळात पडले. अंगणात जमलेल्या बायका 'अगं बाई!' म्हणून मागे सरल्या.

भिवाजीचे डोळे चमकले. "बाबा, परत!"

"परत कसली? आता जोड," वृद्ध म्हणाला. "पंधरा दिवस आहेत. पुनवेला रथ निघेल. या खेपेला चांदणी तुझ्या जिम्मेला."

"पंधरा दिवस कशाला? संध्याकाळी घेऊन येतो."

वृद्ध हसला. त्यानं सहा तुकडे भिवाजीच्या उपरण्यात बांधून दिले.

आता इथं मला भिवाजीच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं पाहिजे. रखमाजी त्याचं नाव. तोही सुतार, त्याच आळीत दोन घरं पलीकडे राहणारा. दोघा भावांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण म्हटलं तर एवढंसं. खंडेनवमीला सुतार आपापली हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून पूजतात. वडील वारले त्या वर्षी त्यांचा लाकूड तासायचा वाकस रखमाजीनं आपल्या पाटावर मांडला. भिवाजी पूजेच्या वेळी आला, त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "दादा, मला विचारलं असतंस तर मीच धुऊन आणून दिला असता." रखमाजी म्हणाला, "बापाचं हत्यार मांडायला मी धाकट्याची परवानगी काढू?" भिवाजी प्रसाद न घेता निघून गेला. झालं. त्या दिवसापासून मोठी करवत, जिला दोन्ही टोकांना एकेक माणूस लागतो, ती भिंतीवर तशीच राहिली. भिवाजी सात वर्षांचा होता तेव्हापासून त्या करवतीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला रखमाजी असत. आता मोठा ओंडका आला, की दोघेही तो दुसऱ्या गावच्या कारागिरांकडे धाडत.

तर भिवाजी त्या संध्याकाळी चांदणी घेऊन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानं खडूनं तुकड्यांवर खुणा केल्या. दोन तुकडे सहज बसले. तिसरा बसला. चौथ्यासाठी गुडघ्यांत धरावं लागलं, पाचव्याला दातांत सुतळी धरून आवळावं लागलं. पण पाच तुकडे उभे राहिले! सहाव्याची जागा रिकामी, अगदी त्याच्या मापाची, जणू वाट पाहणारी. भिवाजीनं सहावा उचलला, त्या जागेपाशी नेला, आणि तो अडला. इकडून अडला, तिकडून अडला. समोर जागा दिसते आहे, तुकडा हातात आहे, आणि आत जात नाही. भिवाजीनं पाचांचा क्रम बदलला. मग सहावा ठरवलेला तुकडा आधी घेतला आणि दुसराच कुठला तरी शेवटी ठेवला. तो अडला. सहांपैकी ज्याला म्हणून शेवटी ठेवावा तो अडेलतट्टू निघायचा. दहाव्या दिवशी त्याला स्वप्नातही कोनच दिसू लागले.

बाराव्या दिवशी त्याच्या हातून एक गोष्ट घडली. सुताराचा हात कशाला सरावलेला असतो? जरा अडलं, की तासायचं. दार अडलं, रंधा मारा. कूस खाचेत बसेना, पटाशी घ्या. भिवाजीच्या डोक्यात काही येण्याआधीच हातानं पटाशी उचलली आणि सहाव्या तुकड्याच्या आतल्या कोपऱ्यातून कांद्याच्या सालीएवढी पातळ ढलपी काढली. ढलपी जमिनीवर पडली तेव्हा तो भानावर आला. चांदणीला लोखंड लागलं होतं! आणि इतकं करूनही तुकडा आत गेला नाही तो नाहीच. त्यानं ती ढलपी भुशात ढकलली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

चतुर्दशी उजाडली. गाव यात्रेकरूंनी फुलून गेलं. त्या गर्दीत भांड्यांचा एक व्यापारीही बैलगाडी भरून आला होता. गोल चेहऱ्याचा, बोलका, कुणाशीही दोन घटकांत सोयरीक जुळवणारा. चांदणी अजून जोडली गेली नाही, ही कुणकुण पंचांना लागली होती आणि त्यांचे चेहरे उतरले होते. व्यापाऱ्यानं चौकशी केली आणि तिथल्या तिथे गाडीतून लखलखीत पितळी कळस काढला.

"हा घ्या! देवीला माझी भेट. चार खिळे ठोकले की काम झालं. तुमची ती चांदणी का काय, तिचं रोज उठून कौतुक कोण करणार?"

पंचांनी आपसात पाहिलं. मग त्यातले एक वडीलधारे भिवाजीच्या घरापाशी येऊन म्हणाले, "भिवाजी, सूर्योदयापर्यंत वाट बघू. त्यानंतर पितळी कळस चढेल. आणि तसं झालं तर रथाची देखभालही बाहेरगावच्या सुतारांना द्यावी म्हणतो. राग मानू नकोस."

भिवाजी काय राग मानणार! चार पिढ्या ज्या रथाच्या शिखराला लोखंड लागलं नाही, त्याच्या माथ्यावर उद्या खिळे ठोकले जाणार, आणि तेही त्याच्या नावानं. त्यानं सुतळीनं आवळलेले पाच तुकडे आणि वेगळा सहावा उचलला आणि तो धावतच वृद्धाकडे गेला. हा व्यापारीही मागोमाग, गंमत काय होते ते पाहायला.

"बाबा, पाच झालेत! फक्त एक राहिलाय. तुमच्या हातानं एवढा एक बसवा. एकच!"

वृद्धानं ते पाच तुकड्यांचं बोचकं हातात घेतलं. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "छान बांधलंस," असं म्हणाला. आणि त्यानं सुतळीची गाठ सोडली.

पाचही तुकडे त्याच्या धोतरावर घरंगळले.

"बाबा!" भिवाजी ओरडलाच. "अहो काय केलंत हे! पंधरा दिवसांचं काम माझं!"

व्यापाऱ्यानंही कपाळावर हात मारला. "आजोबा, आता तर माझा कळस पक्का झाला म्हणायचा."

वृद्धानं शांतपणे दोन तुकडे स्वतः घेतले, दोन भिवाजीच्या हातांत दिले आणि उरलेले दोन व्यापाऱ्यापुढे धरले. "शेठजी, जरा धरता का?"

"मी?" व्यापारी फुलून गेला. "धरतो की! सांगा, काय करू?"

"आपले दोन तुकडे असे समोर धरायचे. सहांची टोकं एकमेकांना नुसती टेकवायची. मी 'चला' म्हटलं, की सगळ्यांनी मिळून आत यायचं. हळूहळू."

टोकाला टोक टेकलं. वृद्धानं तोंड उघडलं. 'चला'तला 'च' बाहेर पडला न पडला तोच व्यापाऱ्यानं आपले दोन्ही तुकडे धाडकन आत रेटले. सगळं कोसळलं. एक तुकडा उडून थेट पाण्याच्या घंगाळात पडला.

"चुकलो, चुकलो!" व्यापारी घंगाळात हात घालत म्हणाला. "व्यापाऱ्याची जात हो आमची. सगळ्यांच्या आधी पोचायची सवय!"

भिवाजीलाही त्या परिस्थितीत हसू आलं. पण हसता हसता त्याची नजर आपल्या बोटांवर गेली. कारण त्या एका क्षणी, व्यापाऱ्यानं रेटण्याआधी, सहाही तुकडे एकदम किंचित आत सरकल्याचं त्याच्या बोटांना कळलं होतं. पंधरा दिवसांत जे झालं नव्हतं ते क्षणभर झालं होतं.

वृद्धानं त्याचा चेहरा वाचला. "पाडव्याला मी चांदणी फिरवली," तो म्हणाला, "तेव्हा आधी कुठला तुकडा बाहेर आला, भिवा?"

"आधी... कुठलाच नाही. सगळे एकदम आले."

"एकदम आलेले एकेक करून आत कसे जातील, बाळा? यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या वाटेत उभा आहे. कुणी एक आत जाऊन पक्का बसला, की बाकीच्यांची वाट बुजली. तू पाच जणांना घट्ट बांधलंस आणि सहावा येत नाही म्हणून त्याच्यावर रागावलास. सहाव्यात खोट नव्हती. त्याला जागा हवी तर त्या पाचांनीही थोडं मागं सरलं पाहिजे, आणि मग सगळ्यांनी मिळून आत यायला हवं. थोडं तू, थोडं मी. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. म्हणून हे दोन हातांचं काम नव्हे. सहा हात लागतात, आणि ते एकमेकांची ओढ ओळखणारे लागतात."

भिवाजी खाली बसला. "गेल्या खेपेला कुणाचे होते? तेव्हा आम्हा पोरांना बाहेर थांबवलं होतं."

"दोन माझे. दोन माझ्या घरच्या लक्ष्मीचे, ती गेली. आणि दोन तुझ्या वडलांचे."

यात्रेचा ढोल लांबून ऐकू येत होता.

"रखमादादा येणार नाही," भिवाजी म्हणाला.

"मी कुणाचं नाव घेतलं?"

भिवाजी उठला. दुपार कलत होती. आळीतून चालत गेला, आपल्या घरापुढची दोन घरं ओलांडायला त्याला एवढा वेळ लागला की कुत्रीसुद्धा त्याच्याकडे बघायला लागली. दारात त्याची वहिनी तुळसा नैवेद्याचे गहू पाखडत होती. तिनं त्याला पाहिलं आणि सूप तसंच हातात राहिलं.

रखमाजी पडवीत एका फळीवर रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादा," भिवाजी म्हणाला, "चांदणीची एक बाजू धरायला हवी."

रंधा चालूच. "तीन वर्षांनी आलास, ते बाजू धर म्हणायला?"

"हो."

"वाकस हवा म्हणून नाही?"

"नाही."

"'माझं चुकलं' म्हणायला?"

"ते म्हणायचंय. पण ते मागाहून म्हणतो. आधी उजेड आहे तोवर चांदणी."

रखमाजीचा रंधा थांबला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात तुळसा सूप आपटून उभी राहिली. "अहो, उठा आता! भाऊजी, चार दिवस झाले, हे रोज सकाळी पायांत वहाणा घालतात, तुमच्या दारापर्यंत जाऊन येतात आणि मला सांगतात, पाय मोकळे करायला गेलो होतो. एवढे पाय मोकळे केले तर माणूस काशीला पोचेल!"

"तू गप गं," रखमाजी म्हणाला. पण तो उभा राहिला होता. भिवाजीनं पाहिलं तर दादाच्या पायांत वहाणा होत्याच. घरात बसून रंधा मारणाऱ्या माणसाच्या पायांत!

दोघे आले. मागून तुळसाही आली, दारापाशी उभी राहिली. वृद्धानं काही विचारलं नाही. दोन तुकडे रखमाजीपुढे केले. रखमाजीनं ते उन्हात धरून पाहिले, आणि त्याचं बोट एका आतल्या कोपऱ्यावर थांबलं.

"इथं पटाशी कुणी लावली?"

भिवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा सगळ्यांसमोर बोलणार! पण लपवायचं कुणापासून? "मी," तो म्हणाला. "बाबा, मी लावली. मला वाटलं, तासला की जाईल."

"माहीत आहे," वृद्ध म्हणाला. "भुशात ढलपी दिसली होती. तुझ्याकडचा भुसा नेहमी मीच भरून नेतो, विसरलास?"

रखमाजीनं तुकडा पुन्हा निरखला. भिवाजीला वाटलं, आता टोमणा येणार. रखमाजी म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तर रंधा घातला असता. ढलपी पातळ आहे. सांधा धरेल."

भिवाजीनं त्याच्याकडे बघितलं. हेच तीन वर्षांतलं पहिलं गोड बोलणं होतं, आणि ते एका चुकीविषयी होतं.

तिघं वर्तुळात बसले. सहा हात पुढे आले. टोकाला टोक टेकलं.

"चला," वृद्ध म्हणाला.

पहिल्यांदा भिवाजीनं घाई केली. तुकडे तिरके झाले. दुसऱ्यांदा रखमाजी मागे राहिला. तिसऱ्यांदा वृद्धाचे हातच थरथरले, कारण वय झालं होतं त्याचं. व्यापारी उकिडवा बसून नखं खात होता, स्वतःचा कळस तो केव्हाच विसरला होता.

"भिव्या," रखमाजी म्हणाला, "करवत ओढतोयस का भाकरी थापतोयस? ढकलू नको. मी ओढीन तेव्हा तू सोडायचंस, एवढंही विसरलास?"

आणि मोठी करवत चालवणाऱ्याला हे ठाऊकच असतं. तिच्यावर जोर कुणी लावायचा नसतो. एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं ढिलं सोडायचं, मग त्यानं ओढायचं आणि ह्यानं सोडायचं. ढकललं की पातं वाकतं. लहानपणी ओंडक्याच्या दोन बाजूंना बसून दोघे भाऊ त्या लयीत एक हुंकार देत असत. भिवाजीच्या घशातून तो आपोआप आला. "हं..." समोरून उत्तर आलं, "हो..." "हं..." "हो..." वृद्धाचा श्वास त्या लयीत मिसळला आणि त्याच्या हातांची थरथर थांबली. दाराशी उभी तुळसाही नकळत डोलायला लागली, "हं... हो..."

आणि सरकले! सहाही तुकडे एकदम सरकले, केसाएवढे. मग आणखी केसाएवढे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. लाकडाला लाकूड घासून बारीकसा आवाज येऊ लागला. कमळ मिटताना कुणी पाहिलं नाही म्हणतात, पण त्या दुपारी त्या अंगणातल्या पाच जणांनी पाहिलं. टोकं जवळ आली, फटी अरुंद झाल्या, अरुंद झाल्या, आणि...

टक्!

एवढाच आवाज. आणि सहा हातांच्या मधोमध चांदणी होती. अखंड.

कुणालाच हात काढून घ्यावेसे वाटेनात. सगळ्यात आधी उठला तो व्यापारी. "बसली!" तो ओरडला. "अहो, बसली! बसली!" आणि पायांत जोडा न घालता तो रस्त्यावर धावत सुटला, गावात ती बातमी त्यानंच पोचवली, आपला कळस चढवायला निघालेल्या माणसानं. ढोलवाल्यांनी जे वाजवायला घेतलं ते थांबेनात.

पुनवेचा सूर्य उगवला तेव्हा चांदणी रथाच्या माथ्यावर होती. पंचांनी भिवाजीला श्रीफळ दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि रखमाजीच्या हातांत ठेवलं, आणि तिथंच, त्या गलबल्यात, मागाहून म्हणायचं होतं ते म्हणाला. काय म्हणाला ते ढोलांमुळे कुणाला ऐकू आलं नाही. रखमाजीनं नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली. रथ हलला.

मग भिवाजी वृद्धाजवळ येऊन बसला. "बाबा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

"पाडव्याला सांगितलं असतं तर तू आळीतून हात मोजून आणले असतेस. दोन इथले, दोन तिथले. हात मिळाले असते रे, ओढ मिळाली नसती." वृद्धानं रथाकडे पाहिलं. चालता रथ वळणावर थोडा डुलत होता आणि चांदणीवर ऊन पडलं होतं. "आता दुसरं ऐक. पुढच्या खेपेला माझे हात नसतील."

"बाबा, असं नका..."

"का नको? बारा वर्षं आहेत. तिसरी जोडी आजपासून तयार करा. आयत्या वेळी सापडत नाही."

भिवाजीनं मान वळवली. रखमाजीही त्याच वेळी वळला होता, आणि दोघेही एकाच दिशेला बघत होते. तुळसा आरतीचं ताट घेऊन उभी होती. कालच्या लयीत ती डोलली होती, हे दोघांनी पाहिलं होतं.

"असं काय बघताय दोघं?" ती म्हणाली.

"वहिनी," भिवाजी म्हणाला, "बाबांच्या घरच्या माउलीचे हात होते चांदणीला. आता तुमचे लावाल?"

तुळसानं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी नीट पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होती. "लावीन," ती म्हणाली. "पण उद्यापासून शिकवा. बारा वर्षांनी ऐन वेळी हाक मारलीत तर मी यायची नाही."

वृद्धानं समाधानानं मान हलवली. भिवाजीला समजलं, की चांदणी काल जुळली ती पुढच्या कामाची नुसती सुरुवात होती.

कथा एवढीच.

वाचणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, तुमच्याही घरात काहीतरी सुटं होऊन पडलेलं असेल. पाच जण घट्ट बांधून तुम्ही सहाव्यावर रुसून बसला असाल, किंवा सहावे तुम्हीच असाल. माझी हात जोडून एक विनंती आहे. गाठ थोडी सैल करा. आणि ज्याच्या दारापर्यंत जायचं राहून गेलं आहे त्याच्याकडे आज दिवस मावळायच्या आत जा. कुणाचं चुकलं याचा हिशेब नेऊ नका, एखादं खरंखुरं काम न्या, जे तुमच्या एकट्यानं होत नाही, आणि म्हणा, "जरा एक बाजू धरता का?"